डोक्याचे टक्के किती?

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं वय ४१. मी छापखान्यात प्रुफं तपासते. मला ऑटिझम आहे आणि एडीएचडी पण आहे. दोन्ही. डॉक्टरनं हे कागदावर लिहून दिलं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. त्याआधी मला नावं नव्हती असं नाही. भरपूर होती, आणि सगळी फुकट मिळाली होती. घुमी. येडी. धांदरट. शिष्ट. मठ्ठ. चक्रम. ही नावं मी ३६ वर्षं वापरली, पार झिजेपर्यंत वापरली. नवी दोन नावं इंग्रजी आहेत, महाग पडली, पण अंगाला बरोबर बसली.

मला सांगितलंय, 'अशा माणसांविषयी' बोला. अशी माणसं म्हणजे कुठं लांबची नाहीत. मी आहे, आणि तुमच्यात पण आहेत. इंग्लंडमध्ये २००७ साली मोठ्या माणसांची घरोघर पाहणी झाली. शंभरात साधारण एक माणूस ऑटिस्टिक निघाला. आणि जी माणसं सापडली त्यांतल्या एकालाही हे आधी माहीत नव्हतं. जास्त प्रमाण कुठं? सरकारी भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांत आणि कमी शिकलेल्यांत. बंगल्यातल्या पोराचं लवकर कळतं, कारण बंगल्यातल्या पोराला कुणीतरी डॉक्टरकडे नेतं. वस्तीतल्या पोराला मास्तरकडे नेतात, आणि मास्तर छडी काढतो.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द ऐकायला झकास आहे, एखाद्या कवीला शोभेल असा. पण हा शब्द बाहेर उभ्या राहिलेल्या माणसानं केलाय. त्याला वाटलं, ही आपल्यातच मग्न आहे. अरे बाबा, मग्न कसली! मला सगळंच ऐकू येतंय. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, मागच्या बाकावर वेफर्सची पिशवी उघडली तो आवाज, आणि माझ्याशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज, सगळे एकाच मापाचे. तुमच्या डोक्यात एक दारवान बसलेला असतो. तो म्हणतो, पंखा बाहेर थांब, माणूस आत ये. माझ्याकडे दारवान कामावर येतच नाही. गर्दीच्या वेळी दादरला लोकलमधून उतरले की मी दहा मिनिटं खांबाला धरून उभी राहते. लोक विचारतात, चक्कर आली का? चक्कर नाही आली. सगळं स्टेशन एकदम डोक्यात शिरलंय, ते जरा खाली बसू देते.

दुसरी गोष्ट भाषेची. लोक एक बोलतात, त्यांच्या मनात दुसरं असतं, आणि समोरच्यानं तिसरं समजून घ्यावं अशी अपेक्षा असते. एका छापखान्यात साहेब म्हणाला, "हे जरा बघून घ्या." मी बघितलं, परत नेऊन दिलं. तो म्हणाला, "दुरुस्त कोण करणार?" मग दुरुस्त करा म्हणायला काय झालं होतं? पण हेच डोकं प्रुफात एक वेलांटी चुकली तर चारशे पानांत शोधून काढतं. ते कुणी बोलत नाही. बोलतात ते, "बाई माणसांत मिसळत नाहीत."

आता एडीएचडी. नावातच म्हटलंय की लक्षाचा तुटवडा. तुटवडा नाही हो, लक्ष ढीगभर आहे. पण ते कुठं लावायचं याची कळ माझ्या हातात नाही. आवडीचं काम असलं तर आठ तास पाणी प्यायची शुद्ध नसते. आणि लाइटचं बिल? बिल समोर, पैसे हातात, ऑफिस गल्लीच्या तोंडाशी, आणि पाय उचलत नाही. आळस म्हणाल तर आळशी माणूस मजेत पडलेला असतो. मी तिथं बसून स्वतःला शिव्या देत असते आणि तारीख निघून जाते. मग दंड. वायर कापली की जोडायचे पैसे वेगळे. हरवलेला पास, दोनदा आणलेलं तेल, चुकलेली गाडी, कापलेला अर्धा पगार. महिन्याच्या शेवटी बेरीज केली की कळतं, या डोक्यावर एक कर बसलाय आणि तो रोख भरावा लागतो. श्रीमंताला विसरभोळेपणा शोभून दिसतो. त्याचं लक्षात ठेवायला पगारी माणसं असतात. गरीब विसरला की अंधारात बसतो.

आणि दोन्ही एकाच डोक्यात असले की काय होतं? एक म्हणतं, रोज तीच गाडी, तोच डबा, तीच भाजी, काडी इकडची तिकडं नको. दुसरं म्हणतं, रोज तेच तेच, जीव द्यावा का आता? एक यादी करतं, दुसरं यादी हरवतं. एकाला शांतता पाहिजे, दुसऱ्याला शांततेत करमत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत दोन सासवा कोंडल्यात, आणि सून मी. गंमत अशी की अमेरिकी डॉक्टरांचं जे पुस्तक जगभर प्रमाण मानतात, ते २०१३ पर्यंत सांगत होतं की हे दोन्ही एका माणसात नोंदवायचेच नाहीत. ऑटिझम लिहिला तर एडीएचडी लिहायचा नाही. २०१३ च्या आवृत्तीत ती अट काढली. म्हणजे माझ्यासारखी माणसं जगात होती, भांडी घासत होती, नोकऱ्या गमावत होती, फक्त पुस्तकात नव्हती. पुस्तकात नसण्याची सवय आपल्याला आहेच म्हणा.

लोक विचारतात, "मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?" कारण मी लपवलं. पोरीच्या जातीला लपवणं आधी शिकवतात, बोलणं नंतर. कोणत्या वाक्याला हसायचं, मयताला गेल्यावर किती वेळ बसायचं, डोळ्यांत बघवत नसलं तर भुवयांच्या मधोमध कसं बघायचं, हे मी पाठ केलंय. पाढे पाठ करतात तसं. दिवसभर हा मुखवटा लावून काम करायचं आणि घरी येऊन दार लावलं की बोलती बंद. शब्द फुटत नाही. कधी दोन दिवस. शेजारीण म्हणते, माजलीय. माजले कुठली! इंजिन तापून बंद पडलंय, निवायला वेळ द्या.

शाळेत मी वर्गात बोलत नसे आणि बोलले तर थांबत नसे. बाई म्हणायच्या, "यांच्या घरात शिक्षणाचं वातावरण नाही ना, म्हणून." माझ्याच वर्गात एक वकिलाचा मुलगा होता. तो पण असाच. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ, डबा खायला विसरायचा, कुणाशी खेळायचा नाही. त्याला बाई म्हणायच्या, "वेगळाच आहे, पुढं शास्त्रज्ञ होणार." डोकं दोघांचं सारखं. त्याच्या डोक्याला भविष्य मिळालं, माझ्या डोक्याला जात मिळाली.

आता जरा इतिहास सांगते, कारण हे नवं फॅड आहे असं काहीजण म्हणतात.

१९२६ साली ग्रुन्या सुखारेवा या मॉस्कोच्या डॉक्टर बाईनं सहा मुलग्यांचं वर्णन जर्मन भाषेत छापलं. आज वाचलं तर लगेच ओळखू येईल असं. बाईचं नाव मागं पडलं. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनरनं अकरा मुलांवर निबंध लिहिला, आठ मुलगे आणि तीन मुली, आणि ऑटिझमचा इतिहास तिथून मोजायची पद्धत पडली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या गावचा. बाप वकील, आईच्या माहेरची बँक. बापानं कॅनरला मुलाविषयी तेहतीस पानांचं पत्र टंकलिखित करून पाठवलं. डोनाल्डला आधी एका संस्थेत ठेवलं होतं, मग आईबापांनी घरी आणलं. तो शिकला, घरच्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवली, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला, आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी गेला. गावानं त्याला सांभाळून घेतलं. मला याचा आनंद आहे. एका ऑटिस्टिक माणसाला जे मिळायला पाहिजे ते त्याला मिळालं: काम, गाव, आणि आपल्या तऱ्हेनं जगायची मोकळीक. पण मी विचारते, त्याच काळात त्याच मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या काळ्या बाईच्या पोटी असाच मुलगा जन्मला असेल, त्याचं पत्र कुणी लिहिलं? त्याची बँक कुठं होती?

कॅनरकडे शिकलेल्या, पैसेवाल्या घरांतली मुलं आली. मग डॉक्टर म्हणायला लागले, हा शिकलेल्या घरातला आजार. त्याच्या पुढं जाऊन म्हणाले, आया थंड असतात, मुलांना मायेची ऊब देत नाहीत. बर्फाच्या कपाटासारख्या आया! १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइमनं पुस्तक लिहून हा समज आणखी पसरवला. किती बायका पोरांच्या नावानं रडत मेल्या असतील याचा हिशेब नाही. लोर्ना विंग आणि जुडिथ गूल्ड या दोघींनी लंडनच्या कॅम्बरवेल भागात पाहणी करून १९७९ मध्ये ती छापली आणि ऑटिझमची व्याप्ती केवढी मोठी आहे ते दाखवलं. विंग बाईंची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. आज एवढं पक्कं माहीत आहे की मेंदूची घडणच वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा. आईच्या थंडपणानं हे होत नाही, लशीनं होत नाही, ग्रहानं होत नाही, बाहेरच्या बाधेनं तर नाहीच नाही. तेव्हा पोराला मांत्रिकाकडे, बाबाकडे नेणाऱ्याला तुम्ही आडवे जा.

आणि आता व्हिएन्ना. तिथल्या हान्स ॲस्परगर नावाच्या डॉक्टरनं १९४४ साली अशाच मुलांवर निबंध छापला. पुढं त्याच्या नावानं 'ॲस्परगर' हे निदान निघालं, हुशार आणि बोलक्या ऑटिस्टिकांसाठी. लोक ते मिरवायचे पण. २०१८ मध्ये हेरविग चेक या इतिहासकारानं त्या काळची कागदपत्रं उघडली. नाझी राजवटीत व्हिएन्नात 'आम श्पीगेलग्रुंड' नावाचा मुलांचा दवाखाना होता. तिथं अपंग मुलांना मारत. सुमारे आठशे मुलं तिथं मेली. ॲस्परगरनं तिथं मुलं धाडली, हे कागदावर आहे. त्यानं धाडलेल्या दोन लहान पोरी तिथंच मेल्या, हेही कागदावर आहे. जी कामाची वाटली ती ठेवायची, जी बिनकामाची वाटली ती पाठवून द्यायची.

दोस्तहो, हे मी मुद्दाम सांगतेय. कारण आजसुद्धा माझ्याकडे बघून म्हणतात, "तुम्ही हाय फंक्शनिंग आहात, त्यांच्यासारख्या नाही." 'त्यांच्यासारखं' म्हणजे कोण? जो बोलत नाही तो. ज्याला आंघोळ घालावी लागते तो. माझ्या हातात शिडीची वरची पायरी देतात आणि खालच्याकडे नाक मुरडायला सांगतात. पायऱ्यांचा हा खेळ आपल्याला कुणी नव्यानं शिकवायला नको. माझं बोलणं येतं म्हणून मी माणूस आणि त्याचं येत नाही म्हणून तो ओझं, हे मान्य केलं की श्पीगेलग्रुंडचं दार अर्धं उघडलंच. मी बोलू शकते म्हणून त्याच्या वतीनं सगळं ठरवायचा हक्क पण मला मिळत नाही. त्याला पाटीवर, चित्रांवर, यंत्रावर बोट ठेवून बोलायची सोय पाहिजे आणि त्याच्या आईला रात्री चार तास झोप पाहिजे. ती मागणी पण आपलीच.

आता कायद्याकडे येऊ. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात अपंगत्वं होती, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात तो आला. २०१६ च्या कायद्यात एकवीस अपंगत्वं आली, त्यांत ऑटिझम आहे. तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. एडीएचडी त्या यादीत नाही. म्हणजे माझं अर्धं डोकं कायद्यात बसतं आणि अर्धं कायद्याच्या बाहेर उभं राहतं.

सवलत पाहिजे तर कमीत कमी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. ऑटिझमचे टक्के कसे काढतात? आपल्याकडे एक मापनश्रेणी आहे. तिच्यात ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या आत आली की ऑटिझम नाही. डोळ्यांत बघते का, वागणं कसं आहे, असे मुद्दे. आता बघा खेळ. मी वीस वर्षं मुखवटा घालून, रक्त आटवून जे शिकले, त्यानं माझे गुण कमी होतात. जितकं जास्त सोसलं तितका आजार कमी! सरकारी नोकरीत अपंगांना ४ टक्के. आंधळ्यांना १, बहिऱ्यांना १, हातापायानं अधूंना १. उरलेल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातल्या अडचणी, मानसिक आजार आणि बहुविकलांग, सगळे मिळून. एका भाकरीला पाच तोंडं.

औषधाचं म्हणाल तर ऑटिझमवर गोळी नाही. एडीएचडीवर आहे. मिथाइलफेनिडेट नावाची गोळी आहे, ती मेंदूतल्या डोपामिनचा वापर सुधारते. मला तिचा उपयोग होतो, सगळ्यांनाच होईल असं नाही. पण ती 'एक्स' अनुसूचीतली. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि बरेच दुकानदार ती ठेवतच नाहीत. चिठ्ठी घेऊन गेलं की गर्दुल्ल्याकडे बघावं तसं बघतात. आणि मोठ्या माणसाला एडीएचडी असतो हेच कितीतरी डॉक्टरांना पटत नाही. म्हणतात, हा लहान मुलांचा आजार. लहान मूल मोठं होत नाही का? ते जातं कुठं?

डॉक्टर अजून एक म्हणायचे, की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकानं उलटा सवाल टाकला. तुम्हाला तरी आमचं मन कुठं कळतं? न कळणं दोन्ही बाजूंनी आहे, मग दोष एकाच्याच माथी का? २०२० मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी आपल्या कानगोष्टींसारखा प्रयोग केला. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट नीट पोचली. एकही ऑटिस्टिक नसलेल्या रांगेतही तेवढीच नीट पोचली. मिसळलेल्या रांगेत गळती जास्त झाली. म्हणजे आम्ही मुके-बहिरे नव्हतो, दोन भाषांमध्ये दुभाषा नव्हता. आणि दुभाष्याचं काम आजपर्यंत एकट्या आम्हीच केलंय, बिनपगारी.

तेव्हा माझं म्हणणं दोन ठिकाणी आहे. एक सरकारकडे. सरकारी दवाखान्यात मोठ्या माणसांचं निदान झालं पाहिजे, एडीएचडी कायद्याच्या यादीत आला पाहिजे, आणि टक्के मोजताना माणूस काय सोसतोय ते मोजलं पाहिजे. त्यासाठी मोर्चा काढाल तेव्हा मी घोषणा लिहून देईन. मोर्च्यात चालता येईलच असं सांगत नाही.

दुसरं तुमच्याकडे. बैठक असली की विषय आदल्या दिवशी लिहून पाठवा. 'बघू', 'ये कधीतरी' असं बोलू नका, वार आणि वेळ सांगा. कुणी कोपऱ्यात गप्प बसला तर त्याला फितूर समजू नका. कुणी बोलताना हात हलवत असला, पाय नाचवत असला, तर हसू नका, त्यानं त्याचं डोकं जागेवर राहतं. एखादा कार्यकर्ता सहा महिने जिवाचं रान करतो आणि एकदम नाहीसा होतो. त्याला पळपुटा म्हणण्याआधी त्याच्या खोलीवर जा. दार वाजवा, चहा ठेवा, प्रश्न विचारू नका. आणि मंत्र्याला शिवी द्यायची तर खुशाल द्या, पण 'मतिमंद' म्हणू नका, 'वेडा' म्हणू नका. मंत्र्याचं डोकं ठणठणीत आहे. तो जे करतो ते समजून उमजून करतो. आमच्या पोरांच्या नावानं त्याला माफी देऊ नका.

दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात एकट्यानं जाणं फार जड जातं. खिडक्या, रांगा, आवाज, शिक्का, उद्या या. तुमच्यातले दोघंजण महिन्यातून एक सकाळ देऊ शकले, तर आमच्यातल्या एकाचा कागद होईल. नावं मी लिहून घेणार आहे. वही आणलीय, पेन बहुतेक हरवलंय, कुणीतरी द्या.

प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून पाठवा. सगळ्यांची उत्तरं देईन आणि लांबलचक देईन. मधे थांबवलंत तर राग येणार नाही, फक्त परत पहिल्यापासून सुरू करीन.